वाचकांचे प्रश्न : नाताळचं झाड, गोठा आणि तारा

या अंकात नाताळच्या घरगुती तयारीविषयीचे प्रश्न घेतले आहेत. उत्तरं वाचताना २४ डिसेंबरची रात्र डोळ्यांसमोर ठेवा आणि तिथून मागे मोजत या. नाचणी कधी पेरायची, कामट्या कधी भिजवायच्या, झाड कोणत्या दिवशी उघडायचं, हे सगळं त्या मोजणीतून ठरतं. ऐन तेविसाव्या तारखेला सगळं काढून बसलं की काही ना काही अर्धवट राहतं.

प्रश्न : पाच फुटी प्लास्टिकचं झाड आणलं आहे. दुकानात भरगच्च दिसत होतं, घरी मात्र दांडा दिसतो आणि वरचा तारा एका बाजूला कलतो. सजवायचा नेमका क्रम काय? (ठाणे)

दुकानातलं झाड भरगच्च दिसतं ते फांद्या फुलवलेल्या असतात म्हणून. घरी आपण खोक्यातून काढतो, तीन तुकडे एकमेकांत बसवतो आणि लगेच गोळे लटकवायला लागतो. इथेच चूक होते. आधी फक्त खालचा तुकडा स्टँडमध्ये बसवा, स्क्रू घट्ट करा आणि त्याच्या सगळ्या फांद्या उघडून झाल्यावरच वरचा तुकडा चढवा. प्रत्येक फांदीवर अगदी दांड्याजवळच्या काड्यांपासून सुरुवात करायची. एक काडी वर, एक डावीकडे, एक उजवीकडे, असं टोकापर्यंत यायचं. दांडा झाकला जातो तो या आतल्या काड्यांनी, आणि घाईत त्याच मिटलेल्या राहतात. पाच फुटी झाडाला पाऊण ते एक तास द्या. प्लास्टिकच्या पात्यांनी बोटं चिरतात, तेव्हा जाडसर हातमोजे घाला.

जागा ठरवताना वर पंखा नाही ना ते पाहा. पंख्याच्या वाऱ्याने हलके गोळे आणि झिरमिळ्या दिवसभर हलत राहतात आणि दोन-चार दिवसांत घरंगळतात. भिंतीच्या कोपऱ्यात, प्लगपासून हातभर अंतरावर, येण्याजाण्याची वाट सोडून झाड ठेवा. साधारण पाच फुटी झाडाचा खालचा घेर तीन फूट रुंद असतो, हे आधी जमिनीवर खडूने आखून पाहिलं तर सोफा सरकवायची वेळ येत नाही.

आता क्रम. पहिल्यांदा दिवे, मग माळा, मग गोळे, शेवटी तारा. दिवे नंतर घालायचे ठरवले तर प्रत्येक फेऱ्याला गोळे पडतात. दिव्यांची माळ झाडावर चढवण्याआधी दहा मिनिटं पेटवून बघा. प्लगचं टोक खाली, बोर्डाजवळ ठेवून खालून वर जा. माळ नुसती बाहेरून गुंडाळू नका. फांदीवरून आत दांड्यापर्यंत न्या, परत टोकाशी आणा, मग पुढची फांदी धरा. आतल्या दिव्यांमुळे झाडाला खोली येते. किती लांबीची माळ लागेल याचा हिशेब सोपा आहे. तीन फूट रुंद झाडाचा सरासरी घेर पावणेपाच फूट धरा. सहा-सहा इंचांवर फेरे घेतले तर नऊ फेरे होतात, म्हणजे ४२ फूट. आतबाहेर करण्यात आणखी निम्मी जाते. एकूण साठ-पासष्ट फूट, म्हणजे दहा-दहा मीटरच्या दोन माळा.

चमकीची माळ मात्र वरून खाली आणायची. शेंड्याजवळ फेरे जवळजवळ, खाली येताना अंतर वाढवत, आणि दोन फांद्यांमध्ये थोडा झोल सोडून. ताणून बांधली की झाड दोरीने जखडल्यासारखं दिसतं. पाच फुटी झाडाला साधारण ३५ फूट पुरते.

गोळे पन्नास ते साठ घ्या : पंधरा मोठे, पंचवीस मध्यम, वीस लहान. मोठे गोळे खाली आणि आत, दांड्याच्या जवळ. लहान गोळे वर आणि टोकाशी. एका रंगाचे सगळे गोळे आधी लावून घ्या, एकमेकांशी त्रिकोण होईल असे, आणि मग दुसरा रंग धरा. गोळ्यासोबत मिळणारा दोरा लांब असेल तर फांदीला दोन वेढे द्या, नाहीतर गोळा खालच्या फांदीवर टेकतो आणि लटकल्यासारखा दिसतच नाही. अधूनमधून सहा फूट मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा. रिकाम्या जागा अशाच लक्षात येतात.

तारा कलतो कारण शेंड्याची तार त्याचं वजन पेलत नाही. उदबत्तीपेक्षा थोडी जाड अशी फूटभर बांबूची काडी शेंड्याला हिरव्या तारेने तीन ठिकाणी बांधा आणि तारा त्या काडीत अडकवा. सगळं झाडच डुलत असेल तर स्टँडच्या पायांवर दोन-तीन किलो वाळूच्या पिशव्या ठेवून वर लाल कापड पसरा.

कापसाचा बर्फ लावायची आपल्याकडे फार आवड आहे. कापूस ठिणगीसरशी पेट घेतो. दिव्यांच्या माळेजवळ तो नकोच. हवाच असेल तर झाडाखालच्या कापडावर, वायरींपासून दूर पसरा.

प्रश्न : दिवाळीतल्या दिव्यांच्या माळा झाडावर चालतील का? एका माळेचा मधला भागच पेटत नाही. (नागपूर)

चालतील, पण तपासून. दिवाळीत त्या गॅलरीत लोंबकळलेल्या असतात; उन्हाने वायरचं आवरण कडक होतं, दवाने दिव्याच्या पायांना गंज चढतो. पूर्ण माळ प्लगमधून काढून हातातून फिरवा. कुठे तांबं दिसलं, आवरण तडकलेलं लागलं, तर ती माळ टाकून द्या. चमकीची माळ धातूच्या पातळ पत्र्यासारखी असते आणि त्यातल्या काहींमधून वीज वाहू शकते. उघडी वायर तिला टेकली तर झाडाला हात लावणाऱ्याला झटका बसेल, आणि झाडाला हात लावणारं बहुधा लहान मूलच असतं.

मधलाच भाग बंद असण्याचं कारण असं : स्वस्त माळेत दिवे गटागटाने एकापाठोपाठ जोडलेले असतात. गटातला एक दिवा तुटला किंवा त्याचा पाय सुटला की तेवढा गट विझतो, बाकीचे चालू राहतात. दिवे काढता येण्याजोगे असतील तर प्लग काढून, एकेक दिवा दाबून बसवून पाहा, आणि बदलायचा झाला तर त्याच माळेसोबत आलेला जादा दिवा वापरा. दिवा तोडून वायरीची टोकं पिळून जोडणं हा सर्रास चालणारा उपाय वाईट आहे. तेवढ्या दिव्याचा दाब उरलेल्यांवर वाटला जातो, ते गरम होतात आणि एकामागून एक जातात.

नवीन घ्यायची असेल तर थेट २३० व्होल्टवर चालणाऱ्या माळेऐवजी ५ किंवा १२ व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणारी घ्या. लहान मुलं, मांजर असलेल्या घरात तर हीच. झोपताना आणि बाहेर पडताना बटण बंद. एक्स्टेंशन बोर्ड गालिच्याखाली किंवा झाडाखालच्या कापडाखाली दडवू नका.

झाडावर विजेचे दिवे पहिल्यांदा लागले ते १८८२ मध्ये, न्यू यॉर्कमध्ये. थॉमस एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने लाल, पांढरे आणि निळे ऐंशी दिवे हाताने जोडून लावले होते. त्याआधी युरोपात फांद्यांवर खऱ्या मेणबत्त्या पेटवत आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवत.

प्रश्न : नर्सरीतून कुंडीतलं ख्रिसमस ट्री आणलं. गेल्या नाताळात सजवलं, त्यानंतर खालच्या फांद्या वाळून गळाल्या. पुन्हा फुटतील का? (पुणे)

नाही फुटणार. हे झाड अरॉकेरिया. नर्सरीत ते नॉरफोक आयलंड पाइन म्हणून विकतात, पण त्यातली बरीच रोपं प्रत्यक्षात कुक पाइनची असतात. दोन्ही मूळची पॅसिफिक महासागरातली. पहिलं नॉरफोक बेटावरचं, दुसरं न्यू कॅलेडोनियाचं. दोघांच्या फांद्या दांड्याभोवती मजल्यामजल्याने येतात आणि गळालेला मजला पुन्हा येत नाही. म्हणून आहेत ते मजले जपणं एवढंच आपल्या हातात आहे. (कुक पाइनची एक गंमत : जगात कुठेही लावा, ते विषुववृत्ताच्या दिशेला कलतं. हे निरीक्षण २०१७ मध्ये प्रसिद्ध झालं. तुमचं झाड दक्षिणेकडे झुकत असेल तर दोष कुंडीचा नसेलही.)

खालच्या फांद्या जाण्याची नेहमीची कारणं दोन, कमी उजेड आणि पाण्याचा घोळ. गच्चीतलं रोप एकदम हॉलच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणून महिनाभर ठेवलं की ते खालच्या फांद्या सोडून देतं. सजवण्याआधी आठवडाभर सावलीच्या गॅलरीत ठेवून सवय करा, घरात आठ-दहा दिवसांवर ठेवू नका, आणि ठेवाल तेव्हा खिडकीशेजारी. एसीचा झोत अंगावर नको. पाणी देण्याआधी बोट इंचभर मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तरच द्या. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर मुळं कुजतात. आणि गंमत म्हणजे मुळं कुजल्यावरही झाड तहानलेल्यासारखंच दिसतं, मग लोक आणखी पाणी घालतात.

फांद्या नाजूक आहेत. काचेचे गोळे नकोत. कागदी चांदण्या, फेल्टची छोटी चित्रं, लोकरीचे गोंडे असं हलकंफुलकं, तेही टोकाला नाही तर दांड्यापासून वीतभर अंतरात. दिवे एलईडीच, कारण साध्या छोट्या बल्बची धग पात्यांना भाजते. बर्फाचा फवारा मारू नका, तो पात्यांवर थर धरून बसतो. शेंडा कधीही छाटायचा नाही. शेंडा गेला की झाडाचा सरळ मनोरा कायमचा मोडतो.

तीन फुटी रोपाला दहा-बारा इंची कुंडी पुरते. दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग जाड वाळू. कुंडी बदलायची ती पावसाळ्याच्या सुरुवातीला. जमिनीत लावणार असाल तर इमारतीपासून बरंच लांब. हे झाड कित्येक मजले उंच जातं.

दरवर्षी सजवायला कुंडीतलं मजबूत झाड हवं असेल तर मोरपंखी बघा. तिला छाटणी मानवते, त्रिकोणी आकार देता येतो आणि हलक्या गोळ्यांचं वजनही ती घेते.

प्रश्न : आमच्याकडे सुरूची फांदी आणून सजवतात. ती चार दिवसांत पिवळी पडते. (मालवण)

फांदी तोडल्यावर ऊन लागू न देता लगेच बादलीभर पाण्यात उभी करा, रात्रभर. दुसऱ्या दिवशी तळाचा इंचभर भाग तिरका कापून ओल्या वाळूच्या बादलीत रोवा आणि वाळू रोज ओली ठेवा. आठवडा निघतो, त्याहून जास्त अपेक्षा धरू नका. म्हणजे २२ किंवा २३ डिसेंबरला आणलेली बरी. एकटी फांदी विरळ दिसते. तीन फांद्या एकत्र बांधल्या की घेर येतो. सुरूची जी सुयांसारखी पानं वाटतात त्या खरं तर हिरव्या बारीक डहाळ्याच असतात, लोंबत्या आणि लवचिक, म्हणून त्यांच्यावर कागदी सजावटच शोभते. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनातून मात्र तोडू नका. ती बनं वारा आणि वाळू अडवायला लावलेली आहेत. स्वतःच्या किंवा शेजाऱ्याच्या वाडीतली फांदी, विचारून.

प्रश्न : यंदा थर्मोकोलशिवाय घरी गोठा करायचा आहे. हिरवळीसाठी धान्य पेरतात ते कधी आणि कसं? (वसई)

थर्मोकोल सोडलात ते योग्यच केलंत. सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. शिवाय येशूजन्माच्या देखाव्याला पेंढा, बांबू, माती यांच्याइतकं साजेसं दुसरं काही नाही. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात असिसीच्या संत फ्रान्सिसने पहिला देखावा मांडला तेव्हा त्यातही गव्हाण, गवत आणि खरेखुरे बैल-गाढव होते.

मूर्ती आधी घ्या, गोठा नंतर. उलट केलं की योसेफ छपराला टेकतो. सहा इंची मूर्तींना गोठा एक फूट उंच, दीड फूट रुंद आणि दहा इंच खोल पुरतो. चौकट बांबूच्या कामट्यांची, सुतळीने बांधलेली. छपरावर पेंढा पसरण्याआधी तो दिवसभर कडक उन्हात वाळवा. ओलसर पेंढ्याला घरात चार दिवसांत बुरशी येते आणि किडेही निघतात.

डोंगरासाठी तपकिरी कागद चुरगळा, उलगडा, पुन्हा चुरगळा. असं चार-पाच वेळा केलं की त्याला खडकासारख्या घड्या पडतात. आत जुनी वर्तमानपत्रं कोंबून खोक्यांवर तो चिकटवा आणि स्पंजने राखाडी व मातकट रंग नुसता टेकवत जा. ब्रशने रंगवला तर घड्या बुजतात. मैद्याची खळ स्वस्त पडते, पण तिला झुरळं आणि उंदीर येतात. पूर्वी खळीत चिमूटभर मोरचूद घालत. ते विषारी आहे, मुलांच्या हातात ती खळ देऊ नका. त्यापेक्षा फेविकॉल निम्म्या पाण्यात पातळ करून वापरा. खोली दाखवायला मोठी मेंढरं पुढे आणि लहान मागे डोंगरावर ठेवा. आरशाचं तळं केलं तर आरशाच्या कडा वाळूने झाकल्याशिवाय ते तळं वाटत नाही.

दिवा एकच, पिवळसर एलईडी, छपराच्या आडव्या कामटीमागे लपवलेला, प्रकाश गव्हाणीवर पडेल असा. पेंढ्यात मेणबत्ती लावायचा मोह टाळा.

आता रुजवण. नवरात्रात घट बसवणाऱ्या घरांना ही रीत वेगळी सांगायला नको. नाचणी १३ डिसेंबरला, गहू १६ ला, मोहरी १८ ला. नाचणी दाट आणि बुटकी हिरवळ देते, कुरणासाठी तीच उत्तम. गहू पाच-सहा इंच वाढतो, तो मागच्या बाजूला शेत म्हणून. मोहरीची गोल पानं झुडपांसारखी दिसतात. गहू रात्रभर भिजवा, नंतर ओल्या फडक्यात मोड येऊ द्या आणि मग पेरा. नाचणी आणि मोहरी तशीच पेरली तरी चालते. पसरट ताटलीत किंवा नारळाच्या करवंटीत दीड इंच चाळलेली माती आणि शेणखत, त्यावर दाणे एकमेकांना लागतील इतके दाट, वरून मातीचा पातळ थर. पहिले दोन दिवस ओल्या वर्तमानपत्राने झाका, कोंब दिसले की कागद काढून उजेडात ठेवा. अंधारात राहिलं तर रोपं पिवळी, उंच आणि मऊ होतात आणि चोविसाव्या तारखेला आडवी पडतात. पाणी तांब्याने ओतू नका, शिंपडा. ओतल्याने दाणे एका बाजूला वाहून जातात आणि टक्कल पडतं. हवेत फारच गारठा असेल तर दोन दिवस आधी पेरा.

गव्हाण चोविसाच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची. चर्चमध्ये मध्यरात्रीची मिस्सा (सामुदायिक उपासना) असेल तर तिथून आल्यावर, नाहीतर रात्रीच्या प्रार्थनेनंतर, घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या हातून बाळ येशूची मूर्ती तिच्यात ठेवा. बाळ येशूच्या दर्शनाला दुरून आलेले तीन राजेही पहिल्या दिवशी गोठ्यात नसतात. ते खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कपाटावर वगैरे ठेवायचे आणि रोज थोडे पुढे सरकवायचे. ६ जानेवारीला ते गव्हाणीशी पोचतात. मुलांना हे काम फार आवडतं आणि नाताळ एका दिवसात संपत नाही हेही त्यांना न सांगता कळतं.

प्रश्न : बांबूचा तारा घरी बांधताना पाची टोकं सारखी येत नाहीत. मापं द्याल का? (सावंतवाडी)

तीन फुटी ताऱ्याला तीन फुटी दहा कामट्या आणि आठ इंची पाच टेकू लागतात. कामट्या करंगळीच्या निम्म्या जाडीच्या, गाठी तासलेल्या. रात्रभर पाण्यात भिजवून घ्या म्हणजे वाकताना मोडत नाहीत.

टोकं बिघडतात कारण कामट्या अंदाजाने एकमेकींवर ठेवल्या जातात. प्रत्येक कामटीवर दोन्ही टोकांपासून पावणेचौदा इंचांवर पेन्सिलची खूण करा. मधे साडेआठ इंच उरतात. पाच कामट्या चांदणीसारख्या मांडताना खुणेवर खूण आली की पाची टोकं आपोआप सारखी येतात. टोकं दोऱ्याने पक्की बांधा, आतली पाच छेदस्थानं सैल बांधा. तशीच दुसरी चांदणी करा. दोन्ही एकमेकींवर ठेवून बाहेरची पाची टोकं बांधा आणि मग आतल्या पाच छेदस्थानी एकेक टेकू उभा करून दोन्ही चांदण्या एकमेकींपासून फाकवा. टेकू समोरासमोर बसवत जा. एका बाजूने सलग बसवले तर तारा पिळतो. सगळे टेकू बसल्यावर आतल्या गाठी घट्ट करा.

कागद आकाशकंदिलासारखाच. पुढचा आणि मागचा पंचकोन, त्यांच्याभोवतीचे पाच-पाच त्रिकोण आणि बाजूंचे दहा अरुंद त्रिकोण. माप सांगाड्यावर कागद धरूनच काढा आणि सगळ्या कडांना अर्धा इंच दुमडीला ठेवा. बाजूचा एक त्रिकोण बल्बसाठी उघडा सोडा. बल्ब ५ ते ७ वॉटचा एलईडी, मध्यभागी, कागदाला कुठेही न टेकणारा. कोकणात डिसेंबरात दव पडतं आणि खळीने लावलेला पतंगाचा कागद पहाटे सुटतो. बाहेर टांगणार असाल तर फेविकॉल वापरा किंवा जिलेटिन कागद घ्या.

प्रश्न : इथे खरं झाड मिळतं. पण पंचवीस तारखेआधीच सुया गळून गालिचाभर होतात. (न्यू जर्सी)

झाड घेताना फांदी मुठीत धरून स्वतःकडे ओढा. हिरव्या सुया हातात आल्या तर ते झाड सोडून द्या. फ्रेझर फर सुया बराच काळ धरून ठेवतं. घरी आणल्यावर बुंध्याची अर्धा ते एक इंच चकती सरळ कापून काढा आणि लगेच पाण्यात उभं करा. कापलेल्या भागावर डिंक धरतो आणि मग झाड पाणी ओढत नाही. स्टँडमध्ये मावावं म्हणून बुंध्याची साल तासू नका, पाणी मुख्यतः सालीलगतच्या थरांतूनच वर चढतं.

हिशेब असा की बुंध्याच्या व्यासाच्या दर इंचाला साधारण एक लिटर पाणी स्टँडमध्ये मावलं पाहिजे. चार इंची बुंध्याला चार लिटर. पहिल्या दिवशी ते सगळं संपू शकतं, तेव्हा संध्याकाळी पुन्हा बघा. पाण्याची पातळी एकदा जरी बुंध्याच्या खाली गेली तर डिंक धरतो आणि पुन्हा चकती कापावी लागते, सजवलेल्या झाडाला ते अशक्यच. साखर, अ‍ॅस्पिरिन वगैरे काही घालू नका, नळाचं साधं पाणी उत्तम. हीटरच्या झरोक्यापासून लांब ठेवा. सुया ठिसूळ होऊन मोडायला लागल्या की दिवे बंद करा आणि झाड घराबाहेर काढा. वाळलेलं झाड फार झपाट्याने पेटतं.

प्रश्न : नाताळच्या फराळातले कलकल (मैद्याच्या गोड गुंडाळ्या) तेलात उलगडतात, आणि वरून साखरेचा पांढरा थर बसत नाही. (गिरगाव)

अर्धा किलो मैदा, शंभर ग्रॅम बारीक रवा, शंभर ग्रॅम पिठीसाखर, अर्धा चमचा मीठ, पन्नास ग्रॅम गरम तुपाचं मोहन, एक अंडं आणि लागेल तसं नारळाचं दूध, साधारण २०० मिलिलिटर. अंडं नको असेल तर दूध थोडं वाढवा. पीठ पुरीपेक्षा घट्ट हवं आणि तासभर झाकून ठेवलेलं. छोट्या बोराएवढी गोळी काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कोऱ्या फणीवर दाबून पसरवा आणि गुंडाळत आणा. गुंडाळीचा शेवट बोटाने दाबून चिकटवला नाही की तेलात ती उलगडते. वळून झालेले कलकल ओलसर फडक्याखाली ठेवा, वाळलेली कड चिकटत नाही. मोहन जास्त झालं तर ते तेलात विरघळल्यासारखे सुटतात. आच मध्यम ठेवा. मोठ्या आचेवर वरून लाल आणि आतून कच्चे राहतात.

पांढऱ्या थरासाठी एकतारी पाक पुरत नाही, म्हणून तुमचे चिकट होतात. पाव किलो साखर आणि शंभर मिलिलिटर पाणी यांचा दोनतारी पाक करा, गॅस बंद करा, गार झालेले कलकल त्यात घाला आणि साखर पांढरी होऊन सुटेपर्यंत हलवत राहा. पूर्ण गार झाल्याशिवाय डबा बंद करू नका, वाफेने मऊ पडतात. नीट तळलेले पंधरा दिवस सहज टिकतात. तेव्हा १५ ते १८ डिसेंबरच्या दरम्यान घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा. अर्ध्या किलोच्या गोळ्या एकट्याने वळणं कंटाळवाणं आहे, चौघांनी मिळून केलं तर गप्पांत काम उरकतं. शेजाऱ्यांच्या ताटांत कलकल करंज्यांबरोबर ठेवा पण केकपासून वेगळे. केकचा ओलावा ते ओढून घेतात.

प्रश्न : झाड कधी लावायचं, कधी उतरवायचं? आणि पावसाळ्यात डब्यातल्या सजावटीला वास येतो, त्याचं काय? (रत्नागिरी)

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचा तयारीचा काळ, ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळच्या रविवारी सुरू होतो. त्या दिवशी आगमनचक्रातली, म्हणजे हिरव्या पानांच्या गोल कड्यातल्या चार मेणबत्त्यांपैकी, पहिली मेणबत्ती लावतात. तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची. मुलं असलेल्या घरात झाड त्याच सुमाराला उभं करायला हरकत नाही, फक्त गव्हाण रिकामी राहू द्या. उतरवायचं ६ जानेवारीनंतर, तीन राजांचा सण झाल्यावर. गोव्यात कासावलीला त्या दिवशी तीन मुलं राजांच्या वेशात घोड्यावर बसून टेकडीवरच्या चॅपलकडे जातात. २६ डिसेंबरलाच झाड गुंडाळून ठेवणं म्हणजे राजे वाटेत असतानाच घर आवरण्यासारखं आहे.

उतरवताना क्रम उलटा. गोळे पुसून, कोरडे करून अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवा. चांदीचा मुलामा असलेले काचेचे गोळे दमट हवेत काळे पडतात, ते कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या चार-पाच पुड्या. दिव्यांची माळ पुठ्ठ्यावर गुंडाळा आणि पुठ्ठ्याला खाच पाडून तिचं टोक अडकवा. झाडाच्या बिजागऱ्यांना कापडाने शिवणयंत्राचं तेल अगदी पुसट लावा, कोकणात तिथेच पहिला गंज येतो. झाड मूळच्या पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. पुठ्ठा ओल धरतो आणि वास येतो तो बहुतेक वेळा त्याचाच. जाड कापडी पिशवीत घालून माळ्यावर, जमिनीपासून उंच ठेवा. डांबर गोळ्या घालू नका, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ आणि चिकट होतं. त्याऐवजी सुकवलेला कडुलिंबाचा पाला कापडी पुरचुंडीत बांधून ठेवा. गणपतीनंतर ऊन पडलं की पिशवी एकदा उघडून सावलीत वारा द्या. डिसेंबरात झाड उघडाल तेव्हा त्याला ओल लागलेली नसेल.